फिल्म कोण लावणार?

मित्रांनो, पेटी म्हटलं की तुम्हाला दागिने आठवतील, नाहीतर खाऊ. मीही एक जुनी पेटीच आहे, पण माझ्या पोटात उजेडाशिवाय दुसरं काही नाही. पत्र्याचं अंग, आत ट्यूबलाइट, पुढे दुधाळ पांढरी काच आणि वरच्या कडेला फिल्म अडकवायची पट्टी, एवढाच माझा संसार. एक्स-रेची काळी फिल्म त्या पट्टीत सरकवली आणि बटण दाबलं, की माणसाच्या आतलं सगळं माझ्या तोंडावर दिसायला लागतं. दुकानात मला व्ह्यू बॉक्स म्हणायचे. वैद्यकीय महाविद्यालयात आल्यावर मी 'दिव्याची पेटी' झाले आणि मला तेच नाव बरं वाटतं.

आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव भोचक आहे. कुणाच्या पोटात काय आहे हे बघायची सवय लागलेल्याने साधंभोळं राहायचं तरी कसं? माझा जन्म झाला त्या कारखान्यात एक्स-रे नव्हता. मग मला तपासायला फोरमननी अंगणातलं एक वाळकं पान उचललं आणि माझ्या पट्टीत अडकवलं. दिवा लागला, तशी पानाची शीर न् शीर दिसायला लागली. "पास," असं म्हणून ते पुढच्या पेटीकडे वळले. मी मात्र त्या पानाकडे बघतच राहिले. आतलं बघायची गोडी मला त्या दिवशी लागली, ती आजतागायत सुटलेली नाही.

पुढे शरीररचना शिकवायच्या खोलीत, हात धुवायच्या बेसिनशेजारच्या भिंतीवर माझी नेमणूक झाली. खोलीत औषधाचा असा वास असायचा की नव्या मुलांच्या डोळ्यांतून पहिले काही दिवस पाणी वाहायचं. त्याच सुमाराला तिथे एक तरुण शिक्षिका रुजू झाल्या. अंगकाठी किरकोळ, पण आवाज असा की मागच्या बाकावरचा डुलकी घेणारा ताठ बसायचा. पुढे सगळे त्यांना 'मोठ्या बाई' म्हणायला लागले. मी मात्र पहिल्या दिवसापासून नुसतं 'बाई' म्हणत आले.

बाईंचा पहिला धडा ठरलेला. छातीची फिल्म लावायच्या आणि विचारायच्या, "समजा, हा माणूस तुमच्याशी हात मिळवायला समोर उभा राहिलाय. त्याचा उजवा हात तुमच्या कुठल्या बाजूला येतो?"

मुलं आपले हात पुढे-मागे करून बघायची आणि म्हणायची, "डाव्या."

"मग फिल्मवर तुमच्या डाव्या हाताला काय आलं? त्याची उजवी बाजू. हे विसरलात तर उद्या चांगल्या पायाला प्लास्टर घालाल."

मुलं हसायची. तरी विसरायची ती विसरायचीच.

बाईंचा दुसरा दंडक असा, की उत्तर सांगण्याआधी फिल्मवर बोट ठेवायचं. नुसतं तोंडाने 'यकृत, यकृत' केलेलं चालायचं नाही. बोट ठेवलं की पुढचा प्रश्न यायचा, "कशावरून?" या एका शब्दापायी भल्याभल्यांची दांडी गुल झालेली मी पाहिली आहे. पाठांतर तिथे कामाला यायचं नाही. मुलं माझ्याजवळ येऊन पोहोचायची, नाक काचेला टेकवायची, बोटांचे ठसे उमटवायची. संध्याकाळी बाई पदराने माझं तोंड पुसायच्या. किती तऱ्हेचे लोक मी आतून पाहिले म्हणून सांगू? पोटात किल्ली घेऊन आलेलं पोर पाहिलं. वाकडी हाडं पाहिली, जुळलेली हाडं पाहिली. फिल्मवरचा माणूस गरीब की श्रीमंत हे मात्र मला कधीच ओळखता आलं नाही.

सुखाचे दिवस होते ते. मग समोरच्या भिंतीवर पडदा आला.

पडदा आणला तो धाकट्या सरांनी. हे सर म्हणजे बाईंचेच जुने विद्यार्थी. एके काळी यांनीही माझ्या काचेला नाक लावलं होतं. आता ते बाईंच्या शेजारच्या टेबलावर बसायचे. हुशार आणि उत्साही गृहस्थ, बाईंवर जीव टाकणारे, पण वाद घालायला कधी मागे हटायचे नाहीत. त्यांच्या पडद्यावर बोट ओढलं की अख्खा माणूस गर्रकन फिरायचा. बरगड्या बाजूला सारता यायच्या, हृदय उचलून मागून बघता यायचं. खरं सांगते, मला राग यायला हवा होता, पण मी तोंडात बोट घातलं. इतकी वर्षं मी हृदयाची सावली बघत होते. त्याची पाठ कशी असते हे मला त्या पडद्याने दाखवलं.

मुलं तिकडे वळली. त्यात त्यांचं काय चुकलं? माझ्या पट्टीला कुणीतरी ओली छत्री अडकवली. ती वाळली तरी तिथेच राहिली.

मग भिंती रंगवायचं निघालं. सर म्हणाले, "बाई, रंगारी येतायत. ही पेटी आता काढू या का? हॉस्पिटलातसुद्धा हल्ली फिल्म कुणी लावत नाही. भंगारवाल्याला देऊन टाकू."

"देऊ की," बाई म्हणाल्या. "फक्त तुझ्या पडद्यावर मुलं जास्त शिकतात, हे एकदा मला दाखव."

"ते दिसतंय की, बाई. मुलं किती खूश असतात."

"खूश असतात ते दिसतंय. शिकतात हे कशावरून?"

सर हसले. "हा प्रश्न मला बाराखडीसारखा पाठ आहे. चला, बघूनच टाकू."

त्यांनी वर्गाचे दोन भाग केले. चिठ्ठ्या टाकून केले, म्हणजे हुशार एकीकडे आणि बाकीचे दुसरीकडे असं व्हायला नको. एक भाग माझ्यासमोर शिकणार, दुसरा पडद्यासमोर. अवयव तेच, तास तेवढेच. शिकवणाऱ्यामुळे फरक पडू नये म्हणून बाई आणि सर आळीपाळीने जागा बदलणार. शेवटी दोन्ही भागांना एकच परीक्षा आणि तिचे गुण खऱ्या निकालात धरणार. रंगाऱ्यांना तोवर थांबायला सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, पेटी घाबरली असेल. घाबरले, नाही असं नाही. पण त्याहून जास्त मला उत्सुकता लागली. खरंच कुणाकडून जास्त शिकायला होतं, माझ्याकडून की त्याच्याकडून? भंगारात जायचं तर हे कळूनच जावं, असं मला मनापासून वाटत होतं.

माझ्या वाट्याला आलेल्या मुलांत एक बाई होत्या. विद्यार्थीच, पण बाकीच्यांपेक्षा चांगल्या वयाने मोठ्या. लग्न झालेलं, शाळेत जाणारी मुलगी. वर्ग त्यांना 'मावशी' म्हणायचा आणि त्याही 'अरे बाळांनो' म्हणत सगळ्यांच्या डब्यांची चौकशी करायच्या. मावशींना पुस्तक तोंडपाठ होतं. फिल्म समोर आली की मात्र उजवं-डावं सगळं एक होऊन जायचं. मागच्या वर्षी त्या याच विषयात, फिल्म ओळखण्यातच नापास झाल्या होत्या. नातीला सांभाळायला सासूबाई तयार झाल्या होत्या, पण यंदापुरत्याच. यंदा गाडी अडली असती तर मावशींचं डॉक्टर होणं तिथेच संपलं असतं.

चिठ्ठी उघडून त्या माझ्यासमोर आल्या, तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता. शेजारच्या मुलीला म्हणाल्या, "बघ, नशीब. तिकडे माणूस गोल फिरतो, तर कळलं तरी असतं. इथे या काळ्या कागदात मी काय शोधू?"

मला वाईट वाटलं. अपमान झाला म्हणून नाही. त्यांना मी नको होते आणि त्यांच्याच नशिबी मी आले, म्हणून.

पहिल्याच तासाला बाईंनी मावशींच्या हातात छातीची फिल्म दिली आणि लावायला सांगितली. मावशींनी ती उलटी लावली. मागची बाजू पुढे करून. हृदय भलतीकडे गेलं, वर्गाने दात काढले. मावशींनी घाईघाईत फिल्म काढली, फिरवली आणि या खेपेला खालचं वर करून लावली. बरगड्या बिचाऱ्या शीर्षासन करायला लागल्या. आता तर मुलं बाकावर आडवी झाली.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजपासून या भागाच्या सगळ्या फिल्म तुम्ही लावायच्या. रोज. बाकीच्यांनी फिल्मला हात लावायचा नाही."

"बाई, मला नको ना. माझंच तर चुकतं."

"म्हणूनच. आणि लावताना घाई करायची नाही. आधी शोधा, फिल्मवर उजवीकडची खूण कुठे आहे."

ही खूण म्हणजे शिशाचं एक इवलंसं अक्षर. एक्स-रे काढताना ते माणसाच्या उजव्या बाजूला ठेवतात, म्हणजे फिल्मच्या कोपऱ्यात त्याची पांढरी छाप उमटते. फिल्म बरोबर लावली तर अक्षर सरळ वाचता येतं. उलटी लावली तर आरशातल्यासारखं दिसतं. इतकी साधी गोष्ट, पण तिच्याकडे बघायची गरज कुणाला पडत नसे. बाईही अलीकडे वेळ वाचवायला तासाआधीच फिल्म नीट लावून ठेवायच्या, आणि पडद्यावर तर चित्र आयतं सरळच यायचं.

मावशींना गरज पडली. त्या रोज तासाच्या आधी यायच्या, छत्री काढून बाजूला ठेवायच्या आणि फिल्म धरून पुटपुटत उभ्या राहायच्या, "अक्षर कुठंय... हे सरळ... म्हणजे ही याची उजवी." मग माझ्याकडे पाठ करून, मला टेकून उभ्या राहायच्या आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून बघायच्या. फिल्ममधला माणूस जसा उभा, तशा. कुणी आलं की पटकन बाजूला व्हायच्या. हळूहळू हात सरावला. तरी अक्षर बघायचं त्यांनी सोडलं नाही. स्वतःवर त्यांचा तिळमात्र भरवसा नव्हता.

इकडे माझा डोळा सारखा पडद्याकडे. मधल्या चाचणीत मजाच झाली. कोण पुढे, कोण मागे, कशाच्या आड काय दडलंय, हे पडद्याची मुलं फडाफडा सांगायची. माझी मुलं तिथे चाचपडायची. पण धूसर, खरीखुरी फिल्म दिली की पडद्याच्या मुलांची तारांबळ उडायची आणि माझी बोट ठेवून मोकळी व्हायची. बेरीज केली तर दोघांचे गुण जवळजवळ सारखे. सर म्हणाले, "शेवटच्या परीक्षेत कळेल." बाई म्हणाल्या, "कळेल." मी कान टवकारले, कारण बाईंच्या आवाजात काहीतरी होतं.

परीक्षेच्या दिवशी बाईंनी पिशवीतून एक जुनी, कडा पिवळ्या पडलेली फिल्म काढली आणि माझ्यावर लावली. छातीची होती. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हृदय चुकीच्या बाजूला. म्हणजे आमच्या बाईंनी, अख्खी हयात फिल्म लावण्यात घालवलेल्या बाईंनी, परीक्षेतच फिल्म उलटी लावली होती. वय झालं, दुसरं काय. तीच फिल्म सरांनी आदल्या दिवशी पडद्यावर चढवून घेतली होती. तिथे हृदय व्यवस्थित डावीकडे होतं. पडद्यासमोर माझी नाचक्की व्हायची ती झालीच.

पहिला प्रश्न दोन्हीकडे एकच. हृदय कुठल्या बाजूला आहे? कशावरून? फिल्मला हात लावायला परवानगी होती.

पडद्याची मुलं एकेक करून पडद्यासमोर आली, एक नजर टाकली आणि म्हणाली, "डाव्या बाजूला." कशावरून विचारलं तर म्हणाली, "हृदय डावीकडेच असतं ना." माझी मुलं आली. पहिला क्षणभर थबकला, गालातल्या गालात हसला, फिल्म काढली, फिरवून लावली आणि म्हणाला, "बाई, उलटी लागली होती. हृदय डाव्या बाजूला." दुसरीने तेच केलं. तिसऱ्यानेही. प्रत्येकजण गेला की बाई उठून फिल्म पुन्हा होती तशी लावायच्या आणि खुर्चीत बसायच्या. मला कळेना, पुन्हा पुन्हा तीच चूक का करतायत. ओरडून सांगावंसं वाटलं, पण पेटीला कुठून आवाज.

शेवटची पाळी मावशींची. दार उघडंच होतं. बाहेर पडणारा मुलगा त्यांच्या कानाशी लागला. तो भल्यासाठीच सांगत होता. "मावशी, पहिली फिल्म उलटी लावलीये हं. फिरवा आणि डावी सांगा, झालं."

मावशी आत आल्या. त्यांच्या हाताला घाम होता, माझ्या कडेवर त्याचा डाग उमटला. त्यांनी फिल्म पट्टीतून सोडवली, फिरवायला लागल्या आणि सवयीने त्यांची नजर कोपऱ्यात गेली.

तिथेच हात थांबला.

त्यांनी फिल्म फिरवली. अक्षर बघितलं. पुन्हा होती तशी केली. पुन्हा अक्षर बघितलं. मग बाई समोर बसलेल्या असताना त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, मला टेकल्या आणि छातीवर हात ठेवला. त्यांचं स्वतःचं हृदय असं धडधडत होतं की माझी काच थरथरली. दाराबाहेरून त्या मुलाने डोळ्यांनी खूण केली, फिरवा.

मावशी वळल्या आणि फिल्म त्यांनी बाईंनी लावली होती तशीच लावली.

"बाई, माझं चुकत असेल," त्या म्हणाल्या. "पण ही फिल्म उलटी नाहीये. अक्षर सरळ आहे. फिरवली की ते आरशातल्यासारखं होतं. फिल्म बरोबर आहे, बाई. या माणसाचंच हृदय उजवीकडे आहे."

"सगळे डावीकडे म्हणाले."

"मला सांगितलंय त्यांनी." मावशींनी फिल्मवर बोट ठेवलं. "पण जठरातला हवेचा फुगा बघा. तोही उजवीकडेच आहे. म्हणजे याचं सगळंच आरशासारखं आहे. असं असतं का, मला माहीत नाही. पुस्तकात मी वाचलेलं नाही. पण इथे तर हेच दिसतंय."

बाईंनी उठून मावशींचा घामेजलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मी बाईंना इतक्या वर्षांत कधी रडताना पाहिलं नव्हतं.

मग सगळा वर्ग आत बोलावला. सर आले. सगळ्यांनी त्या फिल्मकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "ही फिल्म माझी आहे."

कुणाला काही कळेना.

"माझं हृदय उजवीकडे आहे. जठर उजवीकडे, यकृत डावीकडे. लाखो माणसांत काहीजण असे जन्मतात आणि धडधाकट असतात. तुमच्याएवढी होते तेव्हा माझ्या पोटात डावीकडे दुखायला लागलं. डॉक्टरांनी ही फिल्म हातात घेतली, म्हणाले, उलटी लागलीये, आणि फिरवली. अपेंडिक्स उजवीकडे असतं, माझं होतं डावीकडे, तेव्हा त्यांना त्याची शंकाच आली नाही. ते आतल्या आत फुटलं. मी कशीबशी वाचले. ते डॉक्टर काही अडाणी नव्हते. त्यांना हृदय डावीकडे असतं हे इतकं पक्कं ठाऊक होतं, की माझं त्यांनी बघितलंच नाही."

सर खाली मान घालून उभे होते. म्हणाले, "बाई, मी तर ती पडद्यावर चढवतानाच फिरवली. मला वाटलं, तुमच्याकडून चुकून... इतकी वर्षं तुमच्या शेजारी बसतो मी."

"अक्षर तुझ्या पडद्यावरही होतं. उलटं होतं, पण होतं."

"हो, बाई."

मी मनातल्या मनात सरांची माफी मागितली आणि बाईंचीही. मीसुद्धा तेच समजले होते ना. आयुष्यभर लोकांच्या आतलं बघत आले, आणि रोज पदराने माझं तोंड पुसणाऱ्या बाईंचं हृदय कुठे आहे, ते मला ठाऊक नव्हतं.

निकाल लागला. पडद्याच्या भागाचे आणि माझ्या भागाचे गुण पुन्हा जवळजवळ सारखेच. मावशी मात्र पास झाल्या, आणि चांगल्या पास झाल्या. सरांनी निकाल टेबलावर ठेवला आणि बराच वेळ डोकं खाजवलं. "बाई, मावशीही पेटीसमोर शिकल्या आणि बाकीचेही पेटीसमोरच शिकले. मग फरक कशाने पडला?"

बाई म्हणाल्या, "बाकीचे लावलेल्या फिल्म बघत होते. त्या लावत होत्या."

सर उठले, माझ्या पट्टीतली ती छत्री काढून त्यांनी खिडकीला अडकवली आणि रंगाऱ्यांना सांगितलं, पेटीच्या भोवतीने रंगवा. पुढच्या सत्रापासून सरांच्या पडद्यावर चित्रं सरळ यायची बंद झाली. मुलांना ती उलटी, आडवी, कशीही मिळायची आणि आधी अक्षर शोधून स्वतः सरळ करावी लागायची. मागून कसं दिसतं ते बघायला मुलं पडद्याकडे जायची आणि फिल्म हातात धरायला माझ्याकडे यायची. आमची दोघांची चांगली गट्टी जमली. तो बोलका आहे, मी जुनी आहे.

मित्रांनो, आता माझी एक ट्यूब लागताना जरा लुकलुकते, काचेला कोपऱ्यात तडा गेलाय. माझी काळजी घ्या, एवढं मागितलं तर जास्त होणार नाही. काच कोरड्या फडक्याने पुसा, पट्टीला छत्र्या अडकवू नका. पण याहून मोठी एक विनंती आहे. तुमच्यापुढे कुणी एखादी गोष्ट आयती सरळ करून ठेवली, तर कशावरून, म्हणून जरूर विचारा. आणि समोरचा माणूस पुस्तकाशी जुळत नसेल, तर आधी माणूस बघा.

बाई निवृत्त झाल्या, तेव्हा ती फिल्म इथेच ठेवून गेल्या. आता नव्या मुलांचा पहिला तास मावशी घेतात. डॉक्टर होऊन त्या याच खोलीत परत आल्या, आणि वर्ग अजून त्यांना मावशीच म्हणतो. दर वर्षी त्या पिवळ्या कडांची ती फिल्म काढतात, एखाद्या मुलाच्या हातात देतात आणि लावायला सांगतात. मुलगा ती लावतो, हृदय उजवीकडे बघून दचकतो आणि फिरवायला हात वर करतो. मावशी काही बोलत नाहीत. दिवा लावून मीही गप्प राहते आणि त्याची नजर कोपऱ्यात जाते का, याची वाट बघते.